चुन्याचे दगड

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सायकली बारा. धड एक नाही. पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून ब्रेकच्या चकत्या गंजल्यात, चेनी तर अशा कडक की हातात धरल्या तर उभ्या राहतात. एका सीटच्या स्पंजमध्ये उंदरानं पिल्लं घातली होती. पिल्लं बाहेर ठेवली. मांजर टपून होती. पुढं काय झालं ते बघायला थांबलो नाही.

हे सगळं वीरधवलचं. गाव इस्लामपूर, वय तीसच्या आसपास. दोन वर्षं परदेशात सायकल चालवून आला आणि इथं मेढ्याच्या वर डोंगरात कँप टाकला. त्याला सगळ्यांनी 'कोच' म्हणायचं. मी म्हणतो. म्हणताना घशात कुसळ अडकल्यासारखं होतं.

आज म्हणाला, "नऊ नोव्हेंबरला पहिली बॅच. बाराजण, सगळे नवखे. तोपर्यंत सोपी ट्रेल तयार पाहिजे. झाली तर तू सीझनभर गाइड, मे संपेपर्यंत. नाही झाली तर तू मोकळा."

मोकळा म्हणजे कुंडल. कुंडल म्हणजे अर्जुनदादाचा ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, आणि कारखान्याच्या गेटापुढं रांगेत अख्खा दिवस. दादा फौजेतून रिटायर होऊन आल्यापासून घरातसुद्धा हजेरी घेतो. जेवायला बसलो तरी पाठ सरळ पाहिजे. तिकडं मी जाणार नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सोपी ट्रेल चालत बघून आलो. कँपपासून निघून उतारानं वरच्या वाडीच्या गायरानातून ओढ्यापर्यंत, मग वळसा घेऊन परत. साडेतीन किलोमीटर. सोपी म्हणे! पावसानं पार बुजलीय. गवत छातीला. खाली वाट आहे का खड्डा, पाय घातल्याशिवाय कळत नाही. दोनदा पाय घातला, दोनदा खड्डाच.

मधल्या टप्प्यावर चार दगड दिसले, चुना लावलेले. गेल्या सीझनच्या खुणा असणार. माझ्या आधी इथं कोण कामाला होता माहीत नाही, पण आळशी होता — चारच दगड रंगवून पळाला. मी तिथूनच दोन्ही अंगाला पुढं ओढायचं ठरवलं. वाटेच्या दोन्ही कडेला पांढरे दगड. दगड दिसला की नवख्या माणसाला कळलं पाहिजे, इथून जायचं. कोचला विचारलं. तो फोनवर. "पांढरं चालेल," म्हणाला. फोनवर असला की त्याला जांभळंसुद्धा चालतं.

चुना कालवताना मिरज आठवली. तिथं दोन महिने सतारीच्या भोपळ्यांना पॉलिश करायला होतो. आयटीआय सोडल्यावर. एक म्हातारे कारागीर होते, रिकामा भोपळा कानाला लावून बसायचे. मी विचारलं, काय ऐकू येतं? म्हणाले, तू गप्प बसलास तर येईल. चांगलं काम होतं. का सोडलं तेच आठवत नाही. बहुतेक हंपीला जाणारा टेंपो मिळाला म्हणून.

चुन्यानं बोटं फुटली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. कँपवर मी एकटा. प्रांजल जाताना डब्यात चकल्या ठेवून गेली. ती सातारची, कँपचं बुकिंग आणि फोटो बघते. "घरी का जात नाहीस रे?" असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणालो, घरी गेलो की परत सोडत नाहीत. तिला वाटलं चेष्टा.

दगड साठ झाले.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दगड एकशे बावीस. संपले. वरच्या टेकाडावरनं बघितलं तर हिरव्या डोंगरावर दोन पांढऱ्या रेघा, मस्त वळत गेलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी सुरू केलेलं काही संपलं. कुणाला सांगणार? कँपवरच्या कुत्र्याला सांगितलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी गेलो तर पंधरा-वीस दगड उलटे. पांढरी बाजू मातीत. गुरांनी लोळवले असतील म्हणून सुलटे केले. पण गुरं दगड उलटा करून परत त्याच जागी ठेवतात का?

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज चाळीस.

२६ ऑक्टोबर, रविवार

उजाडायच्या आधी जाऊन करवंदीच्या जाळीमागं बसलो. आली. एक म्हातारी. काष्टा, डोक्याला फडकं, हातात विळा. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलायची, उलटा करायची, कंबर धरून उभी राहायची, मग पुढचा. मी उठून आडवा गेलो.

"आवं आजी, काय चाललंय हे?"

"कुणाची आजी रं तू? ह्ये दगड कुणी मांडलं?"

"मी. सायकलीची वाट हाय."

"मग वाट काढ की. दगड कशाला?"

"दगड बघून माणसं येतात."

माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दगड बघून येत्यात व्हय? कुठल्या गावचा हाईस?"

"कुंडल."

"तिकडं डोकी उसात ठेवून येता काय? समदं ठावं असून मला इचारतोय. तुज्या त्या सायबाला सांग — हरणाबाई अजून जित्ती हाय म्हणावं."

आणि माझ्यासमोर, मी उभा असताना, आणखी एक दगड उलटा केला.

काय ठावं आहे मला? डोकं फिरलेली बाई. आधीच नवख्यांसाठी ट्रेल करायची म्हणजे लहान मुलाभोवती गाद्या अंथरायचं काम — प्रत्येक ठिकाणी विचार करायचा, इथं पडला तर कशावर पडेल. त्यात ही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वाटेत काटी टाकलीय. बोरीची, दोन ठिकाणी, चांगली भारा भारा. पुढच्या चाकात आठ काटे. पंक्चर काढता काढता दिवस गेला.

मग मीही डोकं लावलं. सगळे दगड दोन्ही बाजूंनी रंगवून टाकले. वरनं, खालनं, कडेनं. आता कर म्हणावं उलटे.

ते चार जुने दगडपण मळकट झाले होते, त्यांनाही हात मारला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून ती आली नाही. जिंकलो.

आज वाडीतला जोतीराम भेटला. पन्नाशीचा, बारीक, तोंडात कायम काडी. वीस-बावीस गुरं घेऊन डांबरी रस्त्यानं पलीकडच्या खिंडीकडं निघालेला. मी म्हणालो, एवढं लांब कशाला? इथं गायरानात ढीग गवत आहे.

"त्या हरणाबाईला इचार," म्हणाला. "म्हातारीनं औंदा आक्खं गायरान गिळलं. एकटा जीव, एक म्हस, आन् हाव बघ."

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर लय बरं वाटलं. मीपण दोन शब्द घातले. म्हणालो, लय खडूस बाई, मलापण सुखानं काम करू देत नाही. जोतीराम काडी काढून थुंकला, त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, "तू चांगला हाईस गड्या," आणि पिशवीतनं दोन काकड्या दिल्या. काकड्या कडू निघाल्या.

गायरान गिळलं म्हणजे काय केलं, हे विचारायचं राहिलं. एका वासराच्या कपाळावर हुबेहूब सातच्या आकड्यासारखं पांढरं होतं, त्याच्याकडंच बघत बसलो.

१ नोव्हेंबर, शनिवार

आठ दिवस राहिले. वळणांना मातीचे बांध घातले, म्हणजे घसरलं तर चाक बांधाला टेकेल. पाणी जायला अकरा चर काढले. ओढ्याकडचा उतार अजून ओला, वरनं सुकलेला दिसतो आणि चाक गेलं की साबण. तिथं मुरूम टाकायला पाहिजे. कोचला तीनदा सांगितलं. तो जर्सीचे रंग निवडतोय.

३ नोव्हेंबर, सोमवार

नीट लिहितो.

वाडीत भाताची कापणी चाललीय. इथं मजूर लावत नाहीत, पैरा करतात. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. जोतीरामच्या भातात आज चौदाजण. मुरमासाठी घमेली मागायला गेलो तर चहा पाजला. तिथून खाली हरणाबाईचं वावर दिसतं. ती एकटीच कापत होती. दोन मुठी कापायची, बसायची.

मी विचारलं, तिच्यात कधी जाणार?

 एक बाई म्हणाली, "तिच्या पैऱ्याला कोण जात न्हाई औंदा."

"का?"

जोतीराम म्हणाला, "राखण घातली की तिनं गायरानाला. पांढरं दगड दिसलं न्हाईत व्हय तुला? रोज त्यातनंच जातूयास की."

आमच्याकडं राखण म्हणजे शाळूवरची पाखरं हाकलणं. गोफण घ्यायची आणि माळ्यावर बसायचं. इथं तसं नाही. इथं ज्याला गायरानातल्या आपल्या वाट्याच्या पट्ट्यातलं गवत उन्हाळ्यासाठी राखायचंय तो चार कोपऱ्यांना चुन्याचे दगड ठेवतो. पांढरा दगड दिसला की पलीकडं पाऊल टाकायचं नाही. ना ढोर, ना माणूस, ना विळा. दगडाला कुणी हात लावत नाही, ज्याचा त्यानंच लावायचा. शाळेत न गेलेल्या पोरालाही हे कळतं इथं.

चार दगड. गेल्या सीझनचे म्हणे! ते तिचे होते. तिच्या पट्ट्याचे चार कोपरे. आणि मी तिथून दोन्ही अंगाला एकशे बावीस ओढले, पार ओढ्यापर्यंत. आणि ती ते उलटे करत होती. आणि मी परत दोन्ही बाजूंनी रंगवले.

चहा तसाच ठेवून उठलो. घमेली विसरलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कोचला सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. दार लावून घेतलं.

"हे बघ ऋषिराज. गायरानातनं ट्रेल न्यायला आपण ग्रामपंचायतीला विचारलेलं नाही. दगड आपले म्हटलं की वाट आपली होते. मग ठराव, मग अर्ज, मग सगळा सीझन गेला. सध्या त्यांचं भांडण म्हातारीशी आहे. असू दे."

"तिचं भात झडतंय, कोच."

"तुला गाइड व्हायचंय ना?"

मी व्हय म्हणालो. तोंडातनं गावाकडचं व्हय गेलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

मुरूम टाकला. दुसरं काही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिल्यांदा पूर्ण ट्रेल मारली, न थांबता. सकाळी सात वाजता. माती आता अशी झालीय की टायर धरते आणि सोडतेही. हवा कमी केली, सीट खाली घेतली, पेडलवर उभा राहिलो आणि सोडलं. पहिलं वळण, बांधाला चाक घासून बाहेर. दुसरं. चरावरनं पुढचं चाक आपोआप उचललं जातं, पोटात एक हलकं गोळ्यासारखं येतं. दोन्ही बाजूंनी पांढरे दगड सर्रसर्र. काही बघावं लागत नाही, काही ठरवावं लागत नाही. मला वाटतं, एवढ्या ठिकाणी फिरलो, ते ह्या अकरा मिनिटांसाठी. चांगली ट्रेल आहे. मी केलीय. माझ्यासारख्या माणसानं.

ओढ्याजवळ ब्रेक दाबला तर समोर हरणाबाईचं वावर. ती बांधावर बसलेली. मधल्या भागातलं भात आडवं पडलंय. मी हात केला. का केला? तिनं तोंड फिरवलं नाही, हातही केला नाही. नुसती बघत राहिली. ढोर बघतं तसं.

शिव्या आल्या तोंडात. तिला का मला, माहीत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वाडीत देवळापुढं बैठक. कोचला आणि मला बोलावणं आलं. पस्तीसेक माणसं. हरणाबाई खांबाला टेकून, विळा मांडीवर.

जोतीराम म्हणाला, "म्हातारी म्हणती दगड तिचं न्हाईत. कँपवाल्यांचं हाईत म्हणती."

कोच उभा राहिला. गोड बोलला. "आम्ही पाहुणे माणसं. तुमच्या गायरानात दगड मांडायचा आम्हाला काय अधिकार?"

"माज्या बरुबर दोन वाक्यं बोललंय ह्ये पोरगं," हरणाबाई म्हणाली. "म्या मांडलं म्हणाला. त्याला इचारा."

सगळे माझ्याकडं. कोचचा हात माझ्या खांद्यावर. जड नव्हता, नुसता ठेवलेला.

मी म्हणालो, "आमी वाट काढली फकस्त. दगड हुतेच तिथं."

चार होते. खोटं नाही. चार होतेच.

मागनं कुणीतरी म्हणालं, "मग काय राह्यलं?" एक बाई म्हणाली, "वय झालं तरी हाव सुटत न्हाई." जोतीरामनं मला तंबाखू पुढं केली.  उठताना हरणाबाईला खांब धरावा लागला, दोनदा.

परत येताना कोच म्हणाला, "छान बोललास." मी त्याला म्हणालो, मला ऋषिराज म्हणू नका, ऋष्या म्हणा. त्याला कळलं नाही. मलाही नीट कळलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

जर्सी मिळाली. निळी. पाठीवर मोठ्या अक्षरात 'गाइड'. घातली, काढली, परत घातली.

९ नोव्हेंबर, रविवार

उघडली ट्रेल. बारा गेले, बारा आले. एक हनुवटी खरचटली, एक चेन पडली, बस. कोचनं मिठी मारली.

एक बँकेतली बाई होती, पन्नाशीची. वीस वर्षांत सायकलवर बसलेली नाही. पहिल्याच उतारावर दोन्ही ब्रेक आवळून उभी. "मला नाही जमायचं हो." मी बाजूनं चालत गेलो. म्हणालो, दोन बोटंच ठेवा ब्रेकवर, टाचा खाली दाबा, बूड उचला, लाजू नका, इथं कुणी बघत नाही. वळणावळणानं सुटत गेली. ओढ्यापाशी पोचली तेव्हा रडत होती आणि हसत होती. माझा हात सोडेना. मग म्हणाली, "ते पांढरे दगड किती छान मांडलेत तुम्ही. मन एकदम निर्धास्त होतं."

मी म्हणालो, हो.

तिथंच एका पोरानं सायकल थांबवून हरणाबाईचा फोटो काढला. ती वाकून कापत होती. निम्मं वावर अजून उभं. म्हणजे उभं नाही, आडवं. "किती शांत आहे ना लाइफ इथं," तो म्हणाला. त्याला ओढ्यात ढकलावंसं वाटलं. ढकललं नाही. त्याची सायकल धरून उभा राहिलो, मी गाइड.

संध्याकाळी प्रांजलनं फोटो दाखवले. सगळ्यांत मी. हसतोय. दात चांगले दिसतात माझे. अजून दोन बॅच भरल्या म्हणाली, डिसेंबरपर्यंत. मी विचारलं, मदतीला कुणी नसेल तर एकट्या माणसाचं भात किती दिवसांत निघतं? ती म्हणाली, "काय विचारतोस तू मध्येच?"

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी जोतीरामच्या खळ्यावर जाऊन सांगितलं. एकशे बावीस माझे, चार तिचे. सगळ्यांच्या देखत. जोतीरामनं काडी थुंकली आणि म्हणाला, "परत सांग." परत सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कोचनं जर्सी काढून घेतली, ट्रेलला गावानं काटी लावली. हरणाबाईच्या भातात आज अकरा विळे. माझा बारावा, पार टोकाला. उद्या दुपारपर्यंत निघेल, मग चारची कऱ्हाड एसटी, तिथनं कुंडल. माझ्याशी कुणी बोलत नाही. तिच्याशी बोलतात.